फेदरिंगचा उगम सापडला: शाई नाही, निब नाही, कागदातला ओलावा

मंडळी, फेदरिंगचं, म्हणजे शाई कागदात पसरून अक्षरांच्या कडा फुटण्याचं, कारण सापडलं एकदाचं! दीड महिना मी आधी शाईला बोल लावला, मग निबला, मग माझ्या हाताच्या दाबाला. खोट कागदात होती. खरं तर कागदातही नाही, त्याने रात्रभर पिऊन ठेवलेल्या मुलुंडच्या पावसाळी हवेत.

मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा पहाटेच्या चार पानांचा नेम मोडला. दिवाळी अंकाची कथा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्यायची आहे आणि कथेतली म्हातारी तेव्हापासून कुर्ल्याच्या फलाटावर ताटकळत उभी. मे महिन्यात ज्या कागदावर ओळ स्वच्छ उमटायची, त्याच कागदावर अक्षरांना मिसरूड फुटायला लागलं. रोमन लिपीत थोडं फेदरिंग खपून जातं, देवनागरीत नाही खपत. अनुस्वार फुगून शिरोरेषेला चिकटतो, ‘ध’ची गाठ भरली की तो ‘घ’ वाटतो, ‘क्ष’चं पोट बुजतं. दुसऱ्या दिवशी आपलंच लिखाण वाचताना अडखळायला झालं की कथेचा सूर हातातून सुटतो. मला हे फार लागतं, कारण मी रोज आदलं पान वाचूनच पुढे सरकते.

पेन तेच, एबोनाइटचं (कडक रबराचं) आयड्रॉपर, म्हणजे नळीतच थेट शाई भरायचं फाउंटन पेन, फाइन निब. फीड (निबखालचा शाई पुरवणारा भाग) दोनदा उघडून धुतलं. कॅमलिनची रॉयल ब्लू काढून एक ड्राय, म्हणजे कमी वाहणारी, शाई भरली, जेमतेम फरक पडला. एक्स्ट्रा फाइन निब लावून पाहिली तर ती कागदाचे तंतूच उचलायला लागली आणि टाइन्समध्ये (निबच्या दोन पात्यांमध्ये) केस अडकल्यासारखी जाड रेघ ओढायला लागली. एका ऑनलाइन दुकानाने तर ‘पावसाळ्यासाठी खास’ म्हणून दुप्पट किमतीची वही गळ्यात मारली. ती पहिल्या पानापासून पसरत होती. नाव घेत नाही, पण पैसे गेल्याचं वाईट वाटलं.

मग गेल्या रविवारी अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणलेलं ए-फोरचं साधं ८० जीएसएमचं रीम फोडलं. (कागद तिथूनच घ्या. दुकानदार सुटा कागद पुढे करतो, पेन चालवून बघू देतो, असं सुख ऑनलाइन नाही.) मधला एक कागद ओढून दोन ओळी लिहिल्या. एकदम मे महिन्यातल्यासारख्या! तोच कागद गॅलरीलगतच्या टेबलावर राहिला. सोमवारी पहाटे पाच वाजता त्याच पेनाने, त्याच शाईने खाली तिसरी ओळ लिहिली. मिसरूड. एकाच पानावर वर दोन ओळी कोरीव आणि खाली एक झिपरी. मी ते पान जपून ठेवलंय.

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. शाई त्यांत धावत सुटू नये म्हणून कारखान्यात साइझिंग करतात, म्हणजे त्यांना खळीसारखा लेप देतात. तंतू हवेतलं पाणी पिऊन फुगले की ती पकड ढिली पडते. कळत होतं मला हे, पण रीमच्या आतला कागद कोरडा असतो याकडे लक्षच गेलं नव्हतं.

आर्द्रतामापक आधी तपासून घेतला. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, ओलसर लापशी झाली पाहिजे, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर. आत ७५ टक्के यायला हवेत, माझा ७९ दाखवत होता, म्हणून दर वेळी चार वजा. पहाटे टेबलावर ८८! आता रबरी रिंगच्या तांदळाच्या डब्यात ए-फाइव्ह कापलेले कागद आणि सिलिका जेल ठेवते. जेल नारिंगी घ्या, निळं नको, त्यात कोबाल्ट असतं. पहिल्यांदा २०० ग्रॅम घातलं तर आकडा ३१ वर उतरला आणि कागदाचे कोपरे वर वळले. १०० ग्रॅमवर तो ५० च्या आसपास स्थिरावला. एका वेळी एकच कागद बाहेर काढायचा, तळहाताखाली टीपकागद ठेवायचा. घामाचा डाग पडला तर तिथेही पसरतंच.

लिहिताना कुठली गाणी लावते असं विचारलं होतंत, थोडक्यात सांगते. मराठी भावगीतं बंद केली, त्यातले शब्द माझ्या वाक्यांत शिरतात. सध्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा, तीही फक्त आलाप. शब्द नाहीत, ठेका नाही, पखवाज सुरू व्हायच्या आत माझं एक पान होतं. बाहेर पाऊस असला तर आवाज अगदी बारीक.

टोमोए रिव्हरचे (फाउंटन पेनवाल्यांचे आवडते पातळ जपानी) कागद मागवणार होते, ते आता रद्द. आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलंय. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. मी फिक्या करड्या रेघा छापून घेतल्या आणि अक्षरं त्यांना टांगली तर? शिरोरेषा ओढायलाच नको, शाई कमी, अनुस्वाराला चिकटायला ओली रेघच नाही. उठून पेन्सिलने नऊ मिलिमीटरवर रेघा मारून एक पान लिहून आले. एरवी बावीस मिनिटं लागतात, हे सतरात झालं. शब्दांमधली जागा मात्र थोडी जास्त सोडावी लागते, नाहीतर सगळी ओळ एकच शब्द वाटते. एबोनाइट पॉलिश करणं पुढच्या महिन्यावर ढकललं, आधी या रेघा. आठ मिलिमीटर की नऊ, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.

सोमवारपासून एकोणीस पानं झाली. म्हातारीला काल गाडी मिळाली, खिडकीची जागासुद्धा.