उजवा डोळा झाकून

एक डोळा झाकून सुईत दोरा ओवायला घ्या. दोरा भोकापाशी पोचलाय याची खात्री वाटते, आणि तो अजून अलीकडेच लोंबत असतो. शर्टाचं बटण लावताना मी मुद्दाम हा चाळा करतो. प्रत्येक वेळी भारताचे क्रिकेट कर्णधार, पतौडीचे नवाब मन्सूर अली खान पतौडी आठवतात.

१ जुलै १९६१. इंग्लंडात होव्हला गाडीला अपघात झाला, काच उजव्या डोळ्यात घुसली. वय वीस, ऑक्सफर्डचा कर्णधार. पुढे सिगारेट पेटवावी तर काडी टोकापासून पाव इंच लांब, पाणी ओतावं तर ते ग्लासाऐवजी टेबलावर. हे त्यांनीच सांगून ठेवलंय. ज्याला ग्लास सापडत नाही त्यानं अंगावर येणारा बॉल शोधायचा! हैदराबादला एमसीसी या पाहुण्या इंग्लिश संघाविरुद्ध कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरले, तर एकाऐवजी दोन बॉल दिसायला लागले. त्यातला आतला खरा मानून खेळत राहिले. चहापानाला लेन्स काढून टाकली, दुखरा डोळा मिटला आणि सत्तरपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत कसोटी पदार्पण, आणि लगेच मद्रासला शतक.

संस्थानिक कर्णधार म्हटलं की लोकांना विझी, म्हणजे विजयनगरमचे महाराजकुमार आठवतात. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात तीन कसोट्यांत मिळून ३३ धावा, आणि वर लाला अमरनाथांना अर्ध्या दौऱ्यातून घरी पाठवलं. त्या वारशापुढे पतौडींबद्दल शंका येणं साहजिकच. नवाबी नसती तर एकविसाव्या वर्षी कर्णधारपद मिळालं असतं का? मला नाही वाटत. १९६२ मध्ये बार्बाडोसला वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला लागला आणि उपकर्णधार म्हणून हा मुलगा टॉसला गेला. पण मिळालेलं पद पुढे चाळीस कसोट्या सांभाळणं वेगळं. जिंकल्या नऊच. त्यातल्या तीन १९६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यातल्या. परदेशात मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ. वेगवान गोलंदाज नाहीत ना, मग फिरकीवरच जिंकू, हा हट्ट त्यांचा.

त्याआधी मेलबर्नला मांडीचा स्नायू दुखावलेला असताना ७५ आणि ८५ काढल्या. डोळा एक, पाय एक. त्या दौऱ्यात स्वतःची बॅटही जवळ नव्हती म्हणे. पॅव्हिलियनच्या दाराजवळ जी असेल ती उचलायची आणि निघायचं! आमच्या क्लबात बॅटला नुसता हात लावला तरी भांडणं व्हायची.

१९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं कर्णधारपद मुंबईच्या अजित वाडेकरांकडे गेलं. मुंबईकर खूश झाले, त्यात नवल नाही. त्याच वर्षाअखेर संस्थानिकांचे तनखे आणि किताबही गेले. पुढच्या हंगामात इंग्लंडविरुद्ध वाडेकरांच्या हाताखाली जो खेळला, त्याचं नाव धावफलकावर नुसतं मन्सूर अली खान.

हाताखाली खेळण्याची सवय त्यांना होतीच. रणजी करंडकात दिल्ली सोडून ते हैदराबादकडून खेळले. तिथे कर्णधार जयसिंहा, कसोटीत जयसिंहांचे कर्णधार हे. रणजी सामन्यात कव्हरला क्षेत्ररक्षणाला उभं राहा म्हणून जयसिंहा सांगणार आणि नवाबसाहेब निमूट जाणार. आता कव्हरला पतौडींखेरीज दुसरं कोणाला उभं करणार म्हणा!