ट्रेनिंगचं एक्सेल बसवताना आलेला माझा अनुभव

चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत मी ट्रेनिंगचं काम बघते. तीन शिफ्ट मिळून 300 च्या वर लोक, त्यात कॉन्ट्रॅक्टचे बरेच. प्रत्येकाचं सेफ्टी, फायर, मशीनचं, काहींचं फोर्कलिफ्टचं (माल उचलून नेणारी गाडी) ट्रेनिंग असतं आणि आमच्याकडं ते दर वर्षी परत घ्यायचं असा नियम आहे. हे सगळं रजिस्टरमध्ये आणि सह्यांच्या अटेंडन्स शीटमध्ये होतं, ऑडिट आलं की चार दिवस नुसती शोधाशोध. शेवटी एक्सेलमध्ये आणायचं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं.

आधी मी नावावरून शोधत होते, पण एकाच माणसाचं एका शीटवर आडनाव आधी, दुसरीकडं नाव आधी, तिसरीकडं नुसती इनिशियल्स, त्यामुळं ते सोडलं आणि टोकन नंबर, म्हणजे प्रत्येक कामगाराचा कंपनीतला नंबर, धरला. तर 0457 टाइप केलं की एक्सेल पुढचा शून्य काढून टाकतं, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत तोच नंबर टेक्स्ट म्हणून असतो, मग व्हीलुकअपला (यादीत नंबर शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारा फॉर्म्युला) दोन्ही वेगळे वाटतात. टोकनचा कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, मगच भरा.

पण खरी भीती वाटली ती पुढं. एक दिवस स्टोअरचे सुपरवायझर शीट बघून म्हणाले, "मॅडम, हा पोरगा गेल्या महिन्यात लागलाय, याचं फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग मागच्या वर्षी कसं काय झालं?" माझ्या पोटात गोळा आला. व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स लिहायचं राहून गेलं होतं. ते नसलं की एक्सेल जवळचा नंबर धरतं, त्यामुळं यादीत नसलेल्या त्या पोराला त्याच्या आधीच्या टोकनवाल्याची तारीख लागली आणि सेल हिरवा, म्हणजे ट्रेनिंग झालेलं. त्या हिरव्या रंगावर विसंबून कोणी त्याला गाडी चालवायला दिली असती तर? त्या दिवशी मी सगळे फॉर्म्युले एकेक करून परत तपासले.

मग कळलं की व्हीलुकअप सापडलेली पहिलीच तारीख देतं, आणि आपल्याला तर शेवटची पाहिजे. अटीत बसणारा सगळ्यात मोठा आकडा देणारं मॅक्सइफ्स आमच्या 2016 च्या एक्सेलमध्ये नाही, म्हणून मॅक्सच्या (सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे शेवटची तारीख) आत इफ (अट) घालून कंट्रोल शिफ्ट एंटर मारायचं, नुसतं एंटर मारलं तर उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. त्यात ज्याचं ट्रेनिंग कधीच झालेलं नाही त्याला शून्य येतं, तारखेत महिने मिळवणारं ईडेट त्यावर 12 महिने मोजतं आणि माणूस "मुदत संपली" मध्ये जातो. म्हणून पहिला इफ शून्यासाठीच लावला, "झालंच नाही" असं वेगळं आलं पाहिजे, कारण त्याला पूर्ण दिवस बसवावं लागतं आणि मुदत संपलेल्याला दोन तासांचं रिफ्रेशर पुरतं.

तारखांनी तर रडवलं. एका कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन होतं, तिथं 05/04 टाकलं की 4 मे व्हायचं आणि 13/04 ची तारीखच व्हायची नाही, टेक्स्ट राहायचं. मॅक्स टेक्स्ट धरत नाही, म्हणजे ट्रेनिंग होऊनही "झालंच नाही". ओळखायची सोपी खूण सांगते, अलाइनमेंटला हात लावलेला नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडं चिकटते आणि टेक्स्ट डावीकडं. तो कॉलम नुसता वरून खाली बघत गेले तरी पन्नासेक सापडल्या.

किती जणांचं ट्रेनिंग झालं याची टक्केवारी काउंटइफ्सनं (अटीत बसणारे मोजणारा फॉर्म्युला) काढली, पण भागायचं कशानं हे नीट ठरवा. फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग ज्यांना लागतं त्यांनीच भागायचं, सगळ्या 300 नी भागलं तर आकडा खोटा येतो.

आता दर सोमवारी मी शिफ्टवार प्रिंट काढून सुपरवायझरांना देते. पहिल्या प्रिंटमध्येच दिसलं की लाल, म्हणजे ट्रेनिंग बाकी असलेली, नावं जास्त करून कायम नाईटला असणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या लोकांची, कारण आमचे क्लास सकाळी 11 ला, तेव्हा ती माणसं ड्युटी करून घरी झोपलेली असायची. रजिस्टरमध्ये हे कधी नजरेला आलंच नव्हतं. आता महिन्यातून दोनदा मी रात्री 10 ला येते, त्यांची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी क्लास घेते आणि सह्या झाल्या की तिथंच बसून तारखा भरते.