पाटीवरचा रफार

कोल्हापूरच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे वाळूत दाबून ओतकामाचा साचा काढायचे नमुने बनवणाऱ्या कारखान्यात, मी कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या आरेखनावर, बसते. येणारी कामं बहुतेक पंपाच्या केसिंगची, पुलीची, व्हॉल्व्हच्या बॉडीची. त्यावर अक्षरं असलीच तर कारखान्याचं नाव, तेही रोमन लिपीत. त्यामुळे एका गावच्या वाचनालयाची पितळेची ओतीव पाटी करायची ऑर्डर आली, तेव्हा ते काम मी मागून घेतलं. पाटी 600 मिमी लांब, त्यावर उठावाची अक्षरं, पहिल्या ओळीत ‘सार्वजनिक वाचनालय’. मजकूर गावातल्याच डीटीपीवाल्या दादांनी बसवून, कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून), एसव्हीजी या रेषाचित्राच्या फाइलमध्ये पाठवला होता.

फाइल आत घेतली आणि पाटीची चौकट मोजली, तर ती 562.5 मिमी भरली. हा आकडा पाहिला की मला हायसं वाटतं, कारण त्याचं कारण माहीत असतं. 562.5 ला 600 ने भागलं की 0.9375 येतात, आणि 90 ला 96 ने भागलं तरी तेच. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या एका इंचात 90 पिक्सेल धरायच्या, 2017 च्या 0.92 आवृत्तीपासून 96 धरू लागल्या. दादांकडे जुनी आवृत्ती होती आणि आमचं कॅड 96 धरून वाचतं. 16 ने गुणून 15 ने भागलं की माप जागेवर. पितळ थंड होताना आकसतं, त्यासाठी आम्ही दीड टक्का वाढवून धरतो, म्हणजे पॅटर्न 609 मिमीचा. या दोन दुरुस्त्या मी कधीच एका गुणाकारात उरकत नाही. पुढे कुणी फाइल उघडली तर कोणता गुणाकार कशासाठी केला हे त्याला कळायला हवं.

इथवर सोपं होतं. पुढचं काम आमच्या शिकाऊ मुलाकडे दिलं. अक्षरं 5 मिमी उचलायची आणि पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून बाजूंना 3 अंशांचा उतार द्यायचा. पोरगा हुशार आहे. कॅडने ‘आकृती बंद नाही’ म्हणून अडवल्यावर त्याने ज्या ज्या बाह्यरेषा बंद होत्या तेवढ्या निवडल्या, एकेक अक्षर उचललं आणि सगळे सॉलिड, म्हणजे तयार झालेले भरीव आकार, एकत्र केले. स्क्रीनवर ओळ भरीव दिसत होती. मशीनवर किती खोल जायचं ते बघायला मिस्त्रीमामा आले आणि त्यांनी सवयीने ओळ मोठ्याने वाचली.

“सावजनिक? पोरा, रफार कुठाय रं?”

रफार खरंच नव्हता. मूळ फाइलमध्ये होता, प्रिंटमध्ये होता, सॉलिडमध्ये नव्हता. पितळेत ओतलेली पाटी काही खोडरबराने पुसता येत नाही. गावाच्या वाचनालयावर असा शब्द लागला असता, तोही माझ्या टेबलावरून गेलेला, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

मी एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडली. त्यात प्रत्येक पाथ, म्हणजे एकेक बाह्यरेषा, ही अक्षरं नि आकड्यांची लांबलचक ओळ, आणि आकृती बंद असेल तर शेवटी ‘झेड’. बाकी सगळ्यांना झेड होता, रफाराच्या पाथला नव्हता. रेष फिरून जवळजवळ पहिल्या बिंदूपाशी आली होती, मिलिमीटरच्या काही हजारांशांवर थांबली होती. एसव्हीजीमध्ये रंग भरताना उघडी आकृतीसुद्धा बंद धरूनच भरली जाते, म्हणून स्क्रीनवर आणि कागदावर तो रफार अगदी शाबूत दिसतो. कॅडला मात्र ते अंतर म्हणजे भगदाड. उघड्या रेषेपासून भरीव वस्तू होत नाही, म्हणून तो निवडीतच आला नाही. ‘टॉलरन्स (किती अंतरापर्यंतची टोकं जुळलेली धरायची ते माप) वाढवा, सगळी टोकं आपोआप जुळतील’ असं पोरगा म्हणाला. मी नको म्हटलं. टॉलरन्स वाढवला की जी टोकं मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात तीही चिकटतात. काही जण तर बारके तुकडे आकाराप्रमाणे गाळून टाकतात, त्यात अनुस्वार जातात. मराठी मजकुरावर ही चाळणी लावू नये असं माझं ठाम मत आहे. मी तेवढ्या एका पाथची टोकं जोडली.

पण मामांनी वाचायला लावलं म्हणून मी शिरोरेषेवर झूम केलं आणि दुसरी खोट सापडली. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि मध्ये फट दिसू नये म्हणून तो शेजारच्या अक्षरावर थोडा चढवलेला असतो. आमच्या ओळीत हा चढ सुमारे 0.4 मिमी होता. छपाईला त्याने काही बिघडत नाही. पण अक्षरं सुटी उचलून उतार दिला, तर 5 मिमी उंचीवर 3 अंशांनी प्रत्येक टोक सुमारे 0.26 मिमी आत सरकतं. दोन्ही बाजूंची मिळून 0.52. म्हणजे तळाशी जोडलेली शिरोरेषा वरच्या पृष्ठभागावर प्रत्येक सांध्याला फाटलेली! पॉलिश केल्यावर ती खाच आणखी उठून दिसली असती.

म्हणून सगळं मागे घेतलं. अक्षरं सपाट असतानाच, इंकस्केपमध्ये युनियन करून, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एकत्र करून, प्रत्येक शब्दाची एकच अखंड बाह्यरेषा केली आणि मगच उतार दिला. युनियनच्या आधी सरसकट ‘ब्रेक अपार्ट’ केलं, म्हणजे आकाराच्या आतल्या-बाहेरच्या रेषा सुट्या केल्या, तर व, च यांची पोटं बुजतात, म्हणून ते टाळलं. रफाराचा पाय शिरोरेषेला जेमतेम टेकत होता. एवढ्या अरुंद मानेशी वाळू धरत नाही, ढासळते. अक्षरात आपल्या मनाने बदल करणं मला पटत नाही, म्हणून दादांना फोन लावला.

“ताई, अर्धा मिलिमीटर खाली घ्या की, माझी काही हरकत नाही,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी वेल्ड करूनच, अक्षरं जोडूनच पाठवतो.”

दुरुस्त ओळ मापात कागदावर काढली. मामांनी चष्मा चढवून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली आणि मान डोलावली. व्हीएमसीवर, म्हणजे पॅटर्न कोरणाऱ्या संगणकी मशीनवर, लावण्याआधी मी खालच्या ओळी पुन्हा नोटपॅडमध्ये तपासल्या. ‘कार्याध्यक्ष’ आणि ‘कार्यवाह’ या दोन्ही शब्दांत रफार होता. दोन्ही पाथच्या शेवटी झेड होता.