सीएनएमजीचे न वापरलेले चार कॉर्नर

सीएनएमजी 120408 हा लेथच्या टूलवर बसणारा, दोन्ही बाजूंनी वापरायचा शंकरपाळीच्या आकाराचा कार्बाइड इन्सर्ट. त्याचे 80 अंशांचे चारही कॉर्नर झिजले की तो सरळ भंगारात जातो. 100 अंशांचे चार तसेच कोरे राहतात. सध्या काम चालू आहे ते या चारांवर.

नेहमीचा पीसीएलएनआर होल्डर कडा 95 अंशांत धरतो, म्हणून मोठा कॉर्नर जॉबला लागतच नाही. पीसीबीएनआर 2020 के12 मध्ये तीच कडा 75 अंशांत येते. मागे 5 अंशांची सूट राहते, पहिल्याइतकीच. शँक, म्हणजे होल्डरचा दांडा, 20 मिमीचीच. फेसिंगला, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करायला, पीसीकेएनआर.

खांदा मात्र काटकोनात निघत नाही, 15 अंशांचा उतार राहतो. तो मागाहून 80 च्या कॉर्नरने काढायचा. म्हणजे हा होल्डर रफिंगचा, सुरुवातीच्या जाड कटांचा, आणि तिथे तो खरंच भारी. गोव्यातल्या मालिम, कुटबणच्या जेटीवरून वेल्डिंग भरून आलेला ट्रॉलरचा शाफ्ट घ्या: उंचसखल साल, प्रत्येक फेऱ्याला ठोके. 80 चा कॉर्नर इथे टवका टाकतो, 100 चा तग धरतो. पहिला कट सालीखाली गेलाच पाहिजे. वरवर घासलात तर धार तिथेच गेली. 75 अंशांत जॉबला बाहेर ढकलणारा जोर वाढतो, त्यामुळे लांब शाफ्टला स्टेडी, म्हणजे मध्ये आधार, हवीच, नाहीतर चॅटर, म्हणजे थरथर.

साध्या एमएसवर (माइल्ड स्टीलवर) 30 मिमी व्यासाला 1200 आरपीएम, म्हणजे मिनिटाला साधारण 113 मीटर. फीड फेऱ्याला 0.2 मिमी आणि कट 1 मिमी खोल ठेवला तरी 1 एचपीची मोटर धापा टाकते. तिथे कट कमी करा, पण 0.5 च्या खाली नको, 0.8 मिमी गोलाईचा नोज (कॉर्नरचं टोक) नुसता घासत राहतो.

टवका उडालेला कॉर्नर उलटण्याआधी बाजूने बघा. तडा खालच्या कडेपर्यंत गेला असेल तर त्याच जागचा उलटा कॉर्नरही बाद. चिकटलेला धातू राहिला तर इन्सर्ट शिमवर, म्हणजे त्याच्या खालच्या सीटवर, डुगडुगतो आणि नवी धार पहिल्याच कटात जाते. झिजलेल्या कॉर्नरवर मार्करचा ठिपका हवाच, आठ कॉर्नर लक्षात राहत नाहीत.

जून ते सप्टेंबर सीटखाली गंज धरतो, खाऱ्या वाऱ्याला तर विचारूच नका. काम संपलं की शिम काढून पुसा, तेलाचं बोट फिरवा.

डब्ल्यूएनएमजी हा तिकोनी इन्सर्ट वापरणाऱ्यांना यात काही नाही: एका बाजूला सहा कॉर्नर, मधले तीन 160 अंशांचे, ते कुठल्याच कामाचे नाहीत.