स्प्रेचा एक डबा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी निर्यातीचे कागद बघतो. आमच्या बिडाच्या व्हॉल्व्ह बॉडी एरवी जहाजानं जातात. त्या पावसाळ्यात जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं काम अडलं, म्हणून 12 नग विमानानं पाठवायचे ठरले. संध्याकाळी खोकं मुंबईच्या गाडीत चढलं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि 'मालात धोकादायक काही नाही' हे पत्र, तिन्हींवर सही माझी. खोकं बंद होताना मी तिथं नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, कार्गोतून सीएचएचा फोन. सीएचए म्हणजे आमच्या वतीनं कस्टमचे कागद भरणारा एजंट.

"खोक्यात स्प्रेचा डबा घातलाय का?"

"छे!"

"एक्स-रेत दिसतोय ना."

पॅकिंगच्या टेबलाकडं धावलो. खोकी भरणारे मामा शांतपणे म्हणाले, "मीच घातलाय की. ह्या पावसात बिडाला दोन दिसांत गंज धरतोय. तिकडं खोलल्यावर मारून घेतील."

कुंदा विकणारा मिठाईवाला वजन झाल्यावर वर चमचाभर घालतो, तसलंच ते देणं. रागवायचं तरी कसं? पण डब्यावर ज्योतीचं चिन्ह होतं. विमानाच्या नियमांत अशा डब्याला यूएन 1950 हा क्रमांक आहे. त्याचं पॅकिंग वेगळं, लेबल वेगळं, आणि धोकादायक मालाचं डेक्लरेशन पाठवणाऱ्यानंच सही करून द्यायचं. शिवाय तो डबा ना इन्व्हॉइसमध्ये, ना शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडं भरायच्या कागदात. म्हणजे कस्टमच्या लेखी न सांगता बाहेर निघालेली वस्तू. 1962 च्या कस्टम कायद्याच्या कलम 113 खाली असा माल जप्त होऊ शकतो.

मालक तडकले. "मग सीएचएला पैसे कशाला मोजतोय ओ आपण? त्यानं बघायचं की!"

हे मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. सीएचए आपण दिलेले कागद पुढं भरतो, खोक्यात काय आहे ते त्याला आपणच सांगायचं. शिपिंग बिलातला मजकूर खरा असल्याची ग्वाही त्याच कायद्याच्या कलम 50 प्रमाणे निर्यातदाराची. एअरवे बिलावरच्या, म्हणजे विमानमालाच्या पावतीवरच्या, तपशिलाचंही तेच, 1999 च्या माँट्रियल कराराचं दहावं कलम ती जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकतं. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कस्टम कायद्याचं कलम 114अअ आहे, मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. हा आकडा सांगितल्यावर मालक खुर्चीत बसले.

'जाणूनबुजून' या एका शब्दासाठी मी रात्री नऊपर्यंत खुलाशाचं पत्र लिहीत होतो. तीनदा फाडलं. मामांचं नाव घालावं असं एकदा वाटलं, लाज वाटून खोडलं.

खुलासा मानला गेला. खोकं 'बॅक टू टाउन' करून, म्हणजे कार्गोतून परत घेऊन, बाहेर काढलं, डबा काढला, कागद नव्यानं केले. चार दिवस गेले. जर्मनीला काय कळवायचं ते मालकांनी माझ्यावरच सोडलं.

पुढचं खोकं भरताना मी शेजारी उभा राहिलो. मामांनी एकेक नग गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशवीत घातला, पट्टी मारायला हात पुढं केला आणि थांबले.

"सेलोटेप तरी चालती न्हवं?"