भावाच्या खुन्याला बोलावणं धाडणारा राजा

सख्ख्या भावाला ज्यानं मारलं, त्यालाच निरोप धाडून राजधानीत बोलवायचं आणि मानाचं पद द्यायचं. कोरियाच्या म्योंगजोंग राजानं हे केलं, आणि माझी बारावीतली लेक त्याच्यावर जाम भडकली. घरात कोरियन मालिकांचा नाद तिला, त्यामागचा इतिहास हुडकून वाचायची खोड मला. "मम्मी, असला कसला राजा गं? नुसता नंदीबैल!"

मी म्हटलं, आधी ऐकून तर घे.

बाराव्या शतकात तिथं गोर्यो घराण्याचं राज्य होतं. दरबारात मान सगळा लेखणीवाल्यांना. तलवारवाले म्हणजे जणू पहाऱ्याचे गडी. जोंग जुंगबू नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची दाढी एका बड्या दरबाऱ्याच्या पोरानं मेणबत्तीनं जाळली होती. ११७० साली राजा उइजोंग लवाजमा घेऊन बाहेर पडला असताना वाटेत झुंजीचा खेळ लावला. त्यात एक वयस्कर सेनापती मागं हटला, तर एका मुलकी अधिकाऱ्यानं सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. राजा टाळ्या पिटून हसला. त्याच दिवशी अंधार पडल्यावर तलवारवाल्यांनी लेखणीवाल्यांची कापाकापी सुरू केली. उइजोंगची रवानगी बेटावर, आणि त्याचा धाकटा भाऊ म्योंगजोंग गादीवर.

तीन वर्षांनी उइजोंगला परत गादीवर आणायचा कुणीतरी घाट घातला आणि त्याला बेटावरून ग्योंगजू शहरात आणलं, तेव्हा तलवारवाल्यांनी आपल्यातल्या ई उइमिनला पाठवलं. मीठ आणि चाळण्या विकणाऱ्याचा हा पोरगा, आई देवळातली गुलाम, अंगात बळ अफाट. त्यानं ग्योंगजूला जाऊन माजी राजाचा कणा मोडला आणि प्रेत तळ्यात टाकलं.

पुढं तलवारवाले एकमेकांनाच खाऊ लागले. जोंग जुंगबूला ११७९ मध्ये क्योंग देसुंग या पंचविशीतल्या तरुणानं संपवलं. लोक अभिनंदनाला आले, तर हा म्हणाला, राजाला मारणारा अजून जिवंत आहे, अभिनंदन कसलं? हे कानावर गेल्यावर ई उइमिननं गल्लीच्या तोंडाला फाटक बसवून रात्रीचा पहारा लावला आणि शेवटी ग्योंगजूला निघून गेला. ११८३ मध्ये क्योंग आजारानं गेला. आणि आता म्योंगजोंगनं स्वतःहून ई उइमिनला बोलावलं. लांब राहून बंड करेल, त्यापेक्षा डोळ्यांसमोर बरा, ही भीती.

लेकीला हे पटेना. मला मात्र माझ्या एका सरपंचबाई आठवल्या. मी उदगीर तालुक्यात ग्रामसेवक आहे. बाईंचा शिक्का त्यांच्या नवऱ्याच्या खिशात. सही मागितली की म्हणायच्या, "मालकाला इचारा की मॅडम." सगळं गाव त्यांना नंदीबैलच म्हणायचं. पण एकदा नवऱ्याच्या दोस्ताचं एक बिल आलं, काम काही धड झालेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला, दिसंना मला." पुढच्या खेपेला हात दुखत होता. मग माहेरी लग्न निघालं. ते बिल पडूनच राहिलं.

म्योंगजोंगनं असं काही अडवून धरलं, असा माझा दावा नाही. ई उइमिन आणि त्याच्या पोरांनी तेरा वर्षं धुडगूस घातला. राजानं तो चालू दिला, हे खरंच. त्याला चित्रांची फार आवड होती म्हणे. पण सत्तावीस वर्षं त्या गादीवर तो जिवंत बसला.

आणि तलवारवाल्यांनी स्वतः मुकुट का घातला नाही? शिक्का राजाचा असला की चीनच्या बाजूचे बादशहा मान देतात, प्रजा मुकाट ऐकते आणि बोल लागला तर राजाला लागतो. आपल्याकडे बिदर काही लांब नाही. तिथं वजीर अमीर बरीदनं १५१८ नंतर एकापाठोपाठ चार बहमनी सुलतान बसवले आणि स्वतः काही 'शाह' म्हणवून घेतलं नाही. कोरियात ई उइमिननंतर सत्ता बळकावणाऱ्या छ्वे छुंगहॉन या तलवारवाल्यानंही चारच राजे बसवले! त्याच्या भावाचं कबूतर ई उइमिनच्या पोरानं हिसकावलं, तिथून भांडण पेटलं. ११९६ मध्ये छ्वेनं ई उइमिनचं मुंडकं उडवलं आणि पुढच्याच वर्षी म्योंगजोंगला खाली उतरवलं. छ्वे घराण्यानं मग चार पिढ्या, १२५८ पर्यंत, राज्य हाकलं.

लेकीला आवडला तो हुइजोंग, छ्वे छुंगहॉननं बसवलेल्या त्या चार राजांपैकी एक. १२११ मध्ये त्याच्या महालात दबा धरून बसलेल्या भिक्षूंनी छ्वेच्या माणसांवर घाव घातले. छ्वे राजाच्या दारात येऊन 'मला वाचवा' म्हणून गयावया करू लागला. हुइजोंगनं एक शब्द न बोलता दार लावून घेतलं.

"हा खरा राजा!" म्हणून लेक उठून उभीच राहिली.

छ्वे दडून बसला, त्याची माणसं धावून आली, तो वाचला. हुइजोंगची गादी गेली आणि त्याला बेटावर पाठवलं. हे सांगितल्यावरही लेक म्हणते, तरी दार तर लावलं ना! या मुद्द्यावर आमचं अजून मिटलेलं नाही.