घुसळणीला हात लावल्याशिवाय जायचं नाही

आयर्लंडमधल्या रिंग ऑफ केरी या वर्तुळाकार पर्यटन रस्त्याचा अख्खा दिवस बसच्या काचेतून गेला. दर थांब्यावर पाचसहा बसेसची गर्दी, फोटोसाठी रांग. मला तो दिवस अजिबात आवडला नाही. दुसऱ्या दिवशी टूरवाल्यांना सोडून आम्ही दोघंच किलार्नीजवळच्या मक्रॉसच्या जुन्या शेतघरांकडे गेलो. गावात वीज येण्याआधीची, १९३०-४० च्या काळातली घरं तिथे जशीच्या तशी मांडली आहेत.

एका घरात चुलीत पीट जळत होतं. म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा वाळवलेला थर. धूर डोळ्यांना कमी आणि नाकाला जास्त लागतो. शेजारी कमरेएवढं, खाली रुंद नि वर निमुळतं लाकडी पिंप. झाकणाच्या भोकातून दांडा वर आलेला. ॲप्रन बांधलेल्या बाई तो वरखाली करत होत्या. मी उंबरा ओलांडताच त्यांनी दांडा माझ्यापुढे धरला. लोणी निघत असताना घरात आलेल्याने चार हात मारायचेच, नाहीतर घरातल्या लोण्याची बरकत त्याच्यामागे जाते, अशी इथली जुनी समजूत. घुसळण चालू असताना चुलीतला निखाराही कुणाला द्यायचा नाही.

माझी आजी रवीला दोरी गुंडाळून दही घुसळायची. इथे दोरी नाही, दही नाही. दोनतीन दिवस ठेवून आंबवलेली साय. आधी दांडा सहज जात होता. मग साय फुगली, दांडा जड झाला, खांदे भरून आले. तेवढ्यात एक जर्मन कुटुंब दारात आलं आणि दांडा त्यांच्या दहाएक वर्षांच्या मुलाकडे गेला. मला तो द्यायचा नव्हता, खरंच. पाचच मिनिटांत आवाज पालटला. घट्ट धपधप जाऊन पातळ खळखळ. दांड्याला भगरीएवढे पिवळे दाणे चिकटले होते.

बाईंनी गोळा काढला आणि गार पाण्याने धूत राहिल्या, पाणी नितळ येईपर्यंत. आत ताक राहिलं तर लोणी खवट होतं. आपण लोणी कढवून तूप करतो. त्यांना ते तसंच टिकवायचं, म्हणून मीठ. मग खाचा पाडलेल्या दोन ओल्या लाकडी थापट्यांनी दाबून पाणी काढलं.

ताक सगळ्यांना कपातून दिलं. वर लोण्याचे बारीक कण तरंगत होते. मुलाने तोंड वाकडं केलं. मी त्याचाही कप मागून घेतला.